न गळणारी बंदूक

मी फोमच्या कांड्या उडवणाऱ्या बंदुका बनवतो हे ज्याला ज्याला कळलं, त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. "याच्यानं माकड मरंल का?" धान्याच्या मोंढ्यातला हमाल असो की बँकेतला साहेब, प्रश्न तोच. मरणार नाही म्हटलं की दुसरा प्रश्न तयार असायचा. "मंग काहून बनवून राहिला?" याला उत्तर देणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दिवसभर मोबाइलवर रंगीत गोट्या फोडत बसणाऱ्या माणसाने माझ्या हातच्या कामाचा उपयोग विचारावा, याचा मला मनस्वी राग यायचा. असल्या माणसाला समजावण्यात तोंडाची वाफ कशाला दवडायची, म्हणून मी गप्प बसायचो आणि मनातल्या मनात हसायचो. पुढे माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, डावा डोळा गेला तो या गप्प बसण्यापायी. बंदूक माझीच होती.

हिंगोलीत माझं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकानाच्या मागेच घर, घरात मी आणि आई. पावसाळ्यात दुकानापुढे पंपांची रांग लागते आणि प्रत्येकाची तक्रार एकच, पंप दाब धरत नाही. कसा धरेल? आतल्या दट्ट्याला चामड्याचं वाटीसारखं वायसर असतं, त्याला आमच्याकडे बकेट म्हणतात. ते तेलात भिजून मऊ असलं तरच नळीला चिकटून बसतं आणि हवा सुटत नाही. फवारणी झाली की पंप धुवावा, बकेटला दोन थेंब एरंडेल द्यावं, एवढंच करायचं असतं. ते कुणी करत नाही. औषधाचं पाणी तसंच आत ठेवून पंप गोठ्यात लटकवतात, आणि पुढच्या हंगामात बकेट वाळून खारकेसारखं झालं की माझ्यापुढे पंप आपटून कंपनीला शिव्या देतात. मी काही बोलत नाही. नवं बकेट टाकतो.

दिवाळीनंतर मात्र दुकानात माशा मारायच्या. अशाच एका दिवशी एका कापड दुकानदाराने खेळण्यातली बंदूक आणून दिली. पाहुण्यांनी पुण्याहून आणलेली, निळी-केशरी, दिसायला मोठी झोकदार. स्प्रिंग मागे ओढायची, घोडा दाबायचा, की दट्ट्या पुढे येऊन हवा ढकलतो आणि फोमची कांडी उडते. उडते म्हणजे पायाशी पडते. मी ती उघडून बघितली आणि मला हसू आवरेना. दट्ट्या आणि नळी यांच्यात एवढी फट होती की दोघांची ओळख तरी करून दिली होती की नाही, शंका यावी. एवढ्या मोठ्या कंपनीत एकाही माणसाला बकेट माहीत नसावं? मी एक जुनं बकेट कातरून, एरंडेलात मुरवून तिच्यात बसवलं. पुढची कांडी रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर जाऊन पडली. त्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला. मला मात्र त्या दिवसापासून नाद लागला.

मग मी स्वतःच बनवायला लागलो. अंगाला सांडपाण्याचा पातळ पाइप, कारण तो हलका. पुढची नळी अर्ध्या इंची, गरम पाण्याच्या नळाला लावतात ती. फोमची कांडी तिच्यात बेतात बसते, सैल पडत नाही आणि अडकतही नाही. खिडक्या बसवणारे लोक फटीत फोमची गोल दोरी भरतात, तिच्या कांड्या कापायच्या, टोकाला गरम डिंकाचा ठिपका द्यायचा आणि त्यावर रेग्झिनची टिकली. स्प्रिंग भंगारातून हुडकून आणलेली, खटका जुन्या कुलपाच्या पत्र्यातून घासलेला. पण सगळा जीव बकेटमध्ये. बंदूक जोडून झाली की नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा, दट्ट्या आत दाबायचा आणि सोडायचा. कोंडलेल्या हवेने दट्ट्या परत वर आला तर बंदूक पास. जिथल्या तिथे बसून राहिला, तर कुठेतरी गळतंय, मग सगळं खोलून पहिल्यापासून. केसाएवढ्या गळतीसाठी मी एकेका बंदुकीवर आठ-आठ दिवस घालवले आहेत. पाव मिलिमीटरची चूक मला बोटाला कळते. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नव्हतो.

मोबाइलवर या छंदाचे गुरू पैशाला पासरी आहेत. स्वच्छ टेबल, हातात मोजे, मागे मंद संगीत. सुटे भाग छापून काढणारं यंत्र घरात, लागेल तो स्क्रू घरपोच. आणि एवढं सगळं करून शेवटी बसवतात काय, तर रबराची रिंग, जी हिंगोलीच्या एका मे महिन्यात चिरते. एकाला मी व्हिडिओखाली लिहून कळवलं की रबर काढा आणि चामडं लावून बघा. त्याने उलट एक हसरं तोंड पाठवलं. त्याला काही समजलं नाही हे उघड होतं. या लोकांचे व्हिडिओ मी अजूनही बघतो, पण आवाज बंद करून.

आता दाजी. पुसेगावच्या बाजूला त्यांचं गाव, थोडी हळद, बाकी रानात सोयाबीन आणि मूग. दाजींना जगातलं सगळं येतं. मी पंप खोलत असलो की ते शेजारच्या स्टुलावर बसून पान्हा कसा धरायचा हे मला सांगायचे आणि जाताना तोच पान्हा घेऊन जायचे. त्यांचा स्वतःचा पंप दर हंगामात माझ्याकडे यायचा, कधीही न धुतलेला, वर पुन्हा म्हणायचे, "पाव्हणं, तुमच्या बकेटात दम न्हाई." त्यांचा आवाज असा की ते फोनवर बोलायला लागले की यांना फोनची गरजच काय, असा मला प्रश्न पडायचा. माझ्या बंदुका त्यांनी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा त्यांनीही माकडाचंच विचारलं होतं. मरणार नाही म्हटल्यावर ते इतके हसले की झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला. ताईला मी एकदा म्हटलं की तुझ्या नवऱ्याला जरा आवर. ती म्हणाली, "ते मोकळे हाईत. तुझ्यासारखं आत ठिवत न्हाईत." मी तेही आतच ठेवलं.

मग धोंड्याचा महिना आला. दर तीनेक वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला देव मानून जेवायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, अनारसे द्यायचे आणि तो मागेल ते, झेपेल तेवढं, त्याच्या पुढ्यात ठेवायचं, अशी आमच्याकडे पद्धत. वडील नाहीत, त्यामुळे पाय धुणं माझ्याकडे. दाजी पाटावर बसले, मी परातीत त्यांचे पाय धरले, आणि हे देव वरून मला सांगू लागले की टाच जरा नीट घासा, मुगाच्या रानातला चिखल हाय, लवकर निघत न्हाई. आईने डोळे वटारले म्हणून मी घासली. त्या महिन्यात जावयाला उलटून बोलायचं नसतं. बाकीच्या महिन्यांत बोललेलं चालतं असंही नाही.

पुरणाचे धोंडे दाजींनी किती खाल्ले ते मोजणं बरं दिसत नाही. जेवण झाल्यावर आईने विचारलं, "बोला, काय द्यावं तुमाला?" आम्ही अंगठीची तयारी ठेवली होती. दाजींनी हात पुसत पुसत माझ्या बंदुका मांडलेल्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मला ती बंदूक द्या."

आईला हायसं वाटलेलं मला दिसलं. मला नाही वाटलं. ती माझी त्या वर्षीची सगळ्यात चांगली बंदूक होती. तोंडावर अंगठा ठेवला तर दट्ट्या वर येऊन थरथरत राहायचा. मी म्हटलं, "दाजी, ती खेळायची हाय. काय करता तिचं?"

"माकडं," दाजी म्हणाले. "मुगाला शेंगा धरून राहिल्या. टोळी येती अन् निम्मं रान झोडपून जाती. फटाके झाले, बुजगावणं झालं. बुजगावण्याच्या डोस्क्यावर बसून शेंगा खातेत. लई तकलीफ हाय, पाव्हणं."

"हिचा आवाज न्हाई. माकड हिच्याकडं बघणार बी न्हाई."

"आवाजाचं आमी बघतो."

ताई आतून भांडी आवरत ऐकत होती. दाजींनी बंदूक उलटीपालटी करून बघितली, मी करतो तसा नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, दट्ट्या दाबून सोडला. तो वर आला. "अन् ही फुटत न्हाई नं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला झोंबला. दर हंगामात माझ्याकडून पंप दुरुस्त करून नेणाऱ्या माणसाने मला हे विचारावं? "माझ्या हातचं गळत बी न्हाई अन् फुटत बी न्हाई," मी म्हणालो.

"बराबर," दाजी म्हणाले.

आमच्या भागात माकडं आणि रानडुकरं हाकलायला पाइपात कार्बाइड टाकून, त्याचा वायू पेटवून बार काढतात, हे शेंबडं पोरही जाणतं. मलाही माहीत होतं. आवाजाचं तुम्ही काय बघणार, एवढं एक वाक्य मी विचारायला हवं होतं. आई काही म्हणाली नसती. पण माझ्या डोक्यात त्या वेळी वेगळंच चाललं होतं. दाजी बांधावर उभे आहेत, नेम धरून फोमची कांडी मारताहेत, माकड ती उचलतं, चावून बघतं, थुंकून टाकतं, आणि गावातली चार माणसं बघून हसताहेत. मला ते चित्र इतकं आवडलं की मी बंदूक फडक्याने पुसली, तिला हळदी-कुंकवाचं बोट लावलं आणि वाण दिल्यासारखी दाजींच्या हातात दिली. सोबत वीस कांड्याही दिल्या. माकडाला पुरल्या पाहिजेत म्हणून.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी ताईच्या फोनची वाट बघत होतो. कसं काय चाललंय, माकडं पळाली का, हे विचारायला मी कधी नव्हे तो उतावीळ झालो होतो. फोन आला तो एका सकाळी, दुकान उघडताना. दाजींनी बंदुकीत कार्बाइड टाकून बार काढला होता. शेतकरी जे पाइप वापरतात ते चांगले जाड असतात आणि त्यांचं तोंड मोकळं असतं. भडक्याला बाहेर पडायला वाट असते. त्यातूनही माणसं भाजतात, पण ते निराळं. माझ्या बंदुकीचं अंग सांडपाण्याच्या पातळ पाइपाचं, तोंड अर्ध्या इंचाचं, आणि मागे एरंडेलात मुरलेलं बकेट. भडक्याला जायला वाट मी ठेवलीच नव्हती. पाइप फुटला आणि त्याची कपची दाजींच्या डाव्या डोळ्यात घुसली.

हिंगोलीत पट्टी बांधून त्यांना नांदेडला नेलं. मी तिथे पोचलो तेव्हा ताई बाहेर बाकावर बसली होती, पदरावर रक्ताचे डाग होते. मी तिच्याजवळ गेलो आणि पहिलं जे विचारलं ते लिहिताना आजही लाज वाटते. मी विचारलं, "कुठून फुटली? जोडावर का अंगातून?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "माझ्या नवऱ्याचं इचार," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. दाजींच्या तोंडाला पट्ट्या होत्या, ते बोलत नव्हते, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला.

फुटलेले तुकडे ताईच्या दिराने पिशवीत भरून माझ्या दुकानात आणून टाकले. तो गेल्यावर मी ते टेबलावर मांडले. पाइप अंगातून उभा फाटला होता. जोड शाबूत होते. बकेट तर जसंच्या तसं, पाइपाच्या उरलेल्या तुकड्याला चिकटून बसलेलं, एक टवकाही उडाला नव्हता. ते बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आपले जोड टिकले. असा मी माणूस. दुसरं जे आलं ते मात्र अजून गेलेलं नाही. माझी बंदूक त्या पुण्याच्या निळ्या-केशरी बंदुकीसारखी गळकी असती, तर भडका मागच्या फटीतून निघून गेला असता आणि दाजींची फार तर मिशी जळाली असती. त्या कंपनीला मी इतकी वर्षं हसत आलो होतो.

लोकांनी त्यानंतर प्रश्न बदलले. ज्यांनी माकड मरेल का विचारलं होतं, तेच आता दुकानात येऊन "आमी तर आधीच म्हटलं होतं" असं सांगू लागले. कुणीही काहीही म्हटलं नव्हतं. बँकेतला साहेब मुद्दाम रस्ता ओलांडून आला आणि मला छंद माणसाला कुठे नेतो यावर दहा मिनिटं ऐकवून गेला, हातातला मोबाइल न सोडता. झेरॉक्सवाला तेवढा काही बोलला नाही. त्याने एक दिवस चहा पाठवला. मी बंदुका मोडल्या नाहीत. फळीवरून काढून पोत्यात घातल्या आणि पोतं माळ्यावर टाकलं. त्यात काही पश्चात्ताप वगैरे नव्हता. त्या बघितल्या की हात आपोआप अंगठा ठेवायला जायचा, ते मला नको होतं.

सहा महिने मी दाजींच्या गावाला गेलो नाही. ताईचा फोन यायचा तो आईला. आई बोलता बोलता माझ्याकडे फोन धरायची आणि मी गिऱ्हाईक आल्यासारखं करून दुकानात जायचो. मग एके दिवशी त्यांच्या गावचा एक जण दाजींचा पंप घेऊन आला. मी झाकण उघडलं आणि वास घेतला. पंप धुतलेला होता. आत औषधाचा थेंब नव्हता, बकेटला तेल दिलेलं होतं, नुसती वरची नळी चेपली होती. मी त्या माणसाला विचारलं, "दाजी आता पंप धुतेत का?"

"ते कशाचं धुतेत," तो म्हणाला. "आता फवारणी वहिनीच करून राहिल्या. तुमच्या दाजींना औषधाजवळ जायचं न्हाई सांगितलं डाक्टरनं, उरल्या डोळ्याच्या भेवानं."

पंप मी त्याच्याबरोबर परत पाठवला नाही. नळी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेलो.

हळद शिजवायचे दिवस होते. अंगणभर हळद वाळत पडली होती आणि दाजी खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते. आवाज तोच. शेजारच्या गावचे कुणी पाहुणे आले होते, त्यांना ते डोळ्याची हकीकत सांगत होते, आणि ती त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलेली असावी, कारण कुठे थांबायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. "नेम धरायला तसा बी एक डोळा मिटावाच लागतो," ते म्हणाले. "आपलं काम सोपं झालं." पाहुणे हसले. मला बघून दाजी म्हणाले, "या पाव्हणं, दम हाय का बकेटात?" मी पंप ओट्यावर ठेवला.

पाहुणे गेले. ताईने चहा आणला, एक कप मला दिला, दुसरा दाजींपुढे स्टुलावर ठेवला. माझ्याशी ती नेहमीसारखं बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही. दाजी माकडांबद्दल सांगत होते, टोळी आता पलीकडच्या शिवारात गेली म्हणे. सांगता सांगता त्यांनी कपाकडे हात नेला. हात कपाच्या चार बोटं अलीकडेच मिटला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. दाजी बोलायचे थांबले नाहीत. ताईने त्यांच्याकडे न बघता, रोजच्या सवयीने, कप चार बोटं पुढे सरकवला.

मला ते बघवेना. येताना वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "दाजी, तवा मी इचारायला पाहिजे होतं. आवाजाचं काय करणार ते."

दाजींनी चाचपत कप स्टुलावर ठेवला. मग त्यांनी आवाज खाली आणला, इतका खाली मी तो कधी ऐकला नव्हता.

"इचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

"काहून?"

"तुमी हसले असते, पाव्हणं."

ताई ओट्यावर बसून पंपाचा दट्ट्या वरखाली करून बघत होती. खरं होतं ते. मी हसलो असतो.